हात धुवून वाचायची वही

तस्लीमला मी पहिल्या भेटीत हाकलून दिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी तिचं कौतुक करायला लागले की लोक म्हणतील, द्वारकाबाईंनी स्वतःचा पराक्रम तेवढा झाकून ठेवला.

कर्जतच्या आमच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. वाचनालय दुपारी बारा ते साडेचार बंद असतं, तशी पाटी दारावर आहे. ही मुलगी पावणेएकला दारात उभी. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, डोक्यावरून ओढणी, हातात घडी घातलेला कागद. मी नुकताच डबा उघडला होता.

"बाई, चिनी भाषेची डिक्शनरी मिळेल का?"

"इथं मराठी शब्दकोशाची पानं कुणीतरी फाडून नेलीत, आणि तुला चिनी हवी? पाटी वाचता येते ना?"

"येते," ती म्हणाली. "पण माझी परतीची मिनीडोर रिक्षा एक वाजता सुटते." आणि ती गेली. ती रागावलीसुद्धा नाही, याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या गुरुवारी साडेचारला मी कुलूप काढायला आले, तर ती पायरीवर बसलेली. आत येऊन तिनं तो कागद टेबलावर उलगडला. त्यावर चौदा चिनी अक्षरं काढलेली होती, आणि प्रत्येकासमोर मराठीत लिहिलेलं होतं: 'काचेच्या खोक्यावर', 'खोक्याच्या वरच्या बाजूला, बाणाजवळ', 'मोटारीच्या सगळ्या खोक्यांवर'. अर्थ एकाचाही माहीत नाही, पण कुठे सापडलं त्याची नोंद चोख. डॉक्टरेटसाठी पुस्तकं शोधणारे काही विद्वान माझ्याकडे येऊन गेले होते. त्यांतल्या एकालाही पुस्तकाचं नाव आपण कुठे वाचलं हे धड सांगता आलं नव्हतं. मी मुकाट्यानं तिला खुर्ची दिली.

तस्लीम लोधिवलीची, चौक गावाजवळची. घराणं मूळचं किनाऱ्यावरचं, कोकणी मुसलमान. आजोबा तालिब जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचं रांधायचे. वडील जलाल कुवेतला, दोन वर्षांनी एकदा घरी येणारे. आई ती तीन वर्षांची असतानाच वारली. तिला लहानाचं मोठं केलं फुफीनं, म्हणजे जलालच्या थोरल्या बहिणीनं, हमिदाबाईंनी. हमिदाबाईंचा नवरा लग्नानंतर वर्षभरात गेला आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्याच. लग्नकार्याला तांदळाच्या रोट्या थापून द्यायचा त्यांचा उद्योग. चौकच्या पंचक्रोशीत त्यांच्या हातची रोटी लोक डोळे मिटून ओळखतात. शाळा त्यांनी पाहिली नाही. नमाजातलं सगळं ऐकून ऐकून पाठ, पण कुठल्याच लिपीतलं एक अक्षर येत नाही.

बारावीनंतर तस्लीम जवळच्या एका कारखान्यात स्टोअरला लागली. तिथं चीनहून मशिनं आली, मोठमोठ्या लाकडी खोक्यांत, आणि ती बसवायला दोन चिनी फिटर आले. शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे भाषांतर करणारं ॲप मुकं. पहिलंच खोकं आमच्या माणसांनी उलटं उघडलं, आतल्या काचा फुटल्या, आणि फिटर डोकं धरून खाली बसला. तस्लीमनं फुटलेल्या खोक्यावरचं अक्षर वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच अक्षर दुसऱ्या खोक्यावर दिसल्याबरोबर ती त्या खोक्यावर चढून बसली आणि ते ज्या बाजूनं उघडायला हवं होतं त्या बाजूनं उघडून घेईपर्यंत उतरली नाही. मॅनेजरनं तिला पेढे दिले. तिला पेढे नको होते, बाकीच्या खोक्यांवर काय लिहिलंय ते हवं होतं.

त्याच सुमारास वाचनालयात संगणक आला आणि कार्डांचं जुनं सागवानी कपाट भंगारात निघालं. साठ लहान लहान खण, प्रत्येकात पुस्तकांची कार्डं. मी कमिटीशी भांडून ते वाचवलं, तेव्हा मला स्वतःलाही कशासाठी ते सांगता आलं नसतं. तस्लीम आली आणि त्याचा उपयोग सापडला. मी तिला कार्ड कसं भरायचं ते शिकवलं: वर लेखक, मग नाव, मग विषय, आणि खाली दोन ओळी कधीही विसरायच्या नाहीत. एक, वस्तू कुठे ठेवलेली आहे. दुसरी, ती बघायला अट काय आहे. घरी नेता येईल की इथंच बसून वाचायची. या दोन ओळी नसतील तर कार्ड म्हणजे नुसती बढाई, असं मी तिला पहिल्याच दिवशी सुनावलं.

नऊ वर्षं ती दर गुरुवारी आली. आधी एका कार्डावर एक अक्षर, रेघा मोजून लावलेलं. मग शब्द. मग पत्राद्वारे पदवी झाली, मुंबईच्या वर्गाला जाऊन भाषेच्या परीक्षा झाल्या, आणि खण भरत गेले. कारखान्यात तोवर चिनी कागद आला की साहेबसुद्धा "तस्लीमला बोलवा" म्हणायला लागले होते. शेवटी तिला दिल्लीच्या एका विद्यापीठात पूर्व आशियाच्या अभ्यासाच्या एमएला प्रवेश मिळाला. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "बाई, इथं एका अख्ख्या मजल्यावर नुसती चिनी-जपानी पुस्तकं आहेत. आज मी काहीच वाचलं नाही. नुसती फिरले." मला त्या मुलीचा इतका हेवा वाटला की मी फोन लवकर ठेवला.

तिचं खरं कौतुक करायचं ते इथं. दिल्लीला गेलेली मुलं दिल्लीची होतात. ही प्रत्येक सुट्टीत परत आली आणि माझ्या कपाटाचे खालचे खण भरू लागली. कोणत्या देशाच्या ग्रंथालयानं जुनी मासिकं स्कॅन करून फुकट ठेवलीत, कोरियन वर्तमानपत्रं कुठे शोधायची, जपानी नावं कशी लावलेली असतात, संशोधन करणाऱ्यानं सुरुवात कोणत्या सूचीपासून करावी, हे सगळं मराठीत, कार्डावर, खाली त्या दोन ओळींसकट. आज आमच्या तालुक्यात नोकरीसाठी जपानी शिकणारी पाच-सहा मुलं आहेत. ती संगणक सोडून आधी तो खण ओढतात. कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये काम करणारी तनया तर म्हणाली, "मॅडम, हे गुगलपेक्षा बरंय. यात जे नाही ते नाही म्हणून लिहिलंय."

आता त्या वहीकडे येते.

हमिदाबाईंच्या घरी भिंतीतल्या कोनाड्यात, कुराणाच्या खालच्या फळीवर, हिरव्या कापडात बांधलेली एक वही होती. मी ईदला शीरखुर्मा प्यायला जायचे तेव्हा दिसायची. तालिब जहाजावरच तापानं वारले, तेव्हा हमिदाबाई सहा वर्षांच्या होत्या. कंपनीनं त्यांची पेटी घरी पाठवली. आत दोन सदरे, रांधायचा एक मोठा डाव आणि ही वही. मशिदीतल्या जुन्या मौलवींनी पहिलं पान पाहिलं. वर 'बिस्मिल्ला' होतं, खाली अरबी अक्षरं, मात्र अर्थ लागेना. ते म्हणाले, परदेशातल्या कुणा बुजुर्गाचा कलाम दिसतो, पवित्र वचनं आहेत, अदबीनं ठेवा. तेव्हापासून साठ वर्षं ती कोनाड्यात. हमिदाबाई रोज तिला कपाळ लावायच्या. तस्लीमच्या प्रत्येक परीक्षेला, दिल्लीच्या प्रत्येक प्रवासाला वही तिच्या डोक्यावर टेकवली जायची. आसपासच्या वाड्यांतून लोक तापलेली पोरं घेऊन यायचे. वही उघडायची मात्र नाही. आठ वर्षांची असताना तस्लीमनं नवी शिकलेली अक्षरं लावून ती वाचायचा प्रयत्न केला, विचित्र आवाज झाले, ती हसली, आणि फुफीनं एक थोबाडीत दिली. आयुष्यात तेवढी एकच.

एमए झाल्यावर तस्लीमनं पीएचडीसाठी अर्ज केला, पण पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. तिचा आराखडा व्यापारावर होता. तिथल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, चांगला आहे, पण असे चाळीस आलेत. तुझ्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही असं काही आण. तुझ्या घरापासून सुरू होणारं.

"माझ्या घरापासून चीनपर्यंत काय जातं, बाई?" ती माझ्यावर चिडली. "मिनीडोर चौकपर्यंत जाते!"

दुसऱ्या वर्षी अर्जाची मुदत वीस तारखेला संपत होती. तिकडे कारखान्यानं तिला भाषांतराची कायमची नोकरी देऊ केली होती, उत्तर महिनाअखेर हवं होतं. या वेळी प्रवेश नाही मिळाला तर ती नोकरी घेणार होती. "पुन्हा तिसऱ्यांदा नाही विचारणार," ती म्हणाली, आणि ती बोलल्यासारखं वागते हे मला माहीत होतं.

पाच तारखेला हमिदाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी रिक्षा घेऊन सकाळी लोधिवलीला गेले. जन्मात कशाला न घाबरलेली ही बाई पलंगावर हात घट्ट आवळून बसलेली. म्हणाली, "तस्लीम, वही काढ गं. डोळा कापायच्या आदी थोडं वाच. तुला आता सगळं वाचता येतं."

तस्लीमनं वुजू केलं, म्हणजे नमाजाआधी करतात तसे हात, तोंड, पाय धुतले. वही काढली, कापड सोडलं, पहिलं पान उघडलं. हमिदाबाईंनी डोळे मिटले. तस्लीम लहानपणी शिकली तशी एकेक अक्षर, एकेक मात्रा सुरात वाचू लागली. मला अर्थातच काही कळत नव्हतं. दोन ओळी झाल्या आणि ती थबकली. मी पाहिलं, तिचे कान लाल झाले होते.

"थांबलीस का गं?" हमिदाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

ती पुन्हा वाचू लागली. पानभर वाचलं, त्याच सुरात. वही बांधली, फुफीच्या डोक्याला टेकवली, कोनाड्यात ठेवली. आम्ही रिक्षानं दवाखान्यात पोचलो. हमिदाबाईंना आत नेल्यावर दवाखान्याच्या बाकावर तिनं माझा हात धरला.

"बाई, मी फुफीवर नूडल्स वाचल्या."

"काय?"

"ती अरबी नाहीच. अक्षरं अरबी आहेत, भाषा चिनी आहे. मियेन म्हणजे पीठ. येन म्हणजे मीठ. शुइ, पाणी. पीठ मळून झाकून ठेव, मग ओढ, असं लिहिलंय."

मी इतक्या मोठ्यानं हसले की नर्स बाहेर येऊन ओरडली. मग तस्लीमचं तोंड पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी मेलं.

चीनच्या वायव्येकडचे मुसलमान आपली भाषा अरबी अक्षरांत लिहीत आलेत, हे तिनं दिल्लीला एका व्याख्यानात ऐकलं होतं. तसल्या वह्या चीनमध्ये सापडतात. चौकजवळच्या कोनाड्यात सापडल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. तालिबची जहाजं हाँगकाँगला लागायची, तिथं कुणीतरी चिनी मुसलमान आचारी भेटला असणार. आम्ही दोघी बाकावर बसून एकच गोष्ट समजून होतो: तिच्या घरापासून चीनपर्यंत जाणारी वस्तू सापडली होती. आणि ती सांगितली तर फुफीच्या हातून साठ वर्षांची दुआ जाणार होती, बापाची जिवापाड जपलेली खूण जाणार होती.

मी तिला सल्ला दिला. लाज वाटते, तरी लिहिते. म्हटलं, "डोळ्याला पट्टी आहे तोवर पानांचे फोटो काढून घे. आराखडा पाठव. हमिदाबाईंना कळायची गरजच काय?"

"डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाची वही चोरू?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाई, तुम्हीच शिकवलंत ना, अट लिहिल्याशिवाय कार्ड भरायचं नाही."

माझंच हत्यार माझ्यावर. 

पण सांगणं तिलाही जमेना. उलट भलतंच झालं. ऑपरेशन नीट पार पडलं, त्याचं श्रेय हमिदाबाईंनी वहीला दिलं आणि रोज दुपारी "थोडं वाच गं" सुरू झालं. रोज ती हात धुवायची आणि बिस्मिल्लापासून सुरू करून मटणाचं पाणी किती उकळायचं ते सुरात वाचायची. हमिदाबाई काळा चष्मा लावून, मान हलवत ऐकायच्या. तस्लीमला जेवण जाईना. तेरा दिवस तिनं हे केलं आणि अठरा तारखेला ती माझ्याकडे कर्जतला आली. "बाई, आज सांगणार आहे. वही शेवटपर्यंत वाचून झाली. तुम्ही नुसत्या बाजूला बसा."

आम्ही पोचलो तेव्हा हमिदाबाई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. डॉक्टरांनी मना केलंय म्हटल्यावर म्हणाल्या, "डोळ्यानं नाय, बोटांनी निवडतेय."

तस्लीम त्यांच्यासमोर खाली बसली. "फुफी, वहीत कलाम नाय."

"मंग काय हाय?"

"रांधायचं लिवलंय. चिनी भाषेत. पीठ कसं मळायचं, मटण कसं शिजवायचं."

बोटं सुपात थांबली. "बिस्मिल्ला हाय ना वर?"

"हाय. पत्येक पानावर हाय. त्याच्या खाली पीठ हाय."

 रस्त्यावरून एक टेंपो गेला. मग हमिदाबाई म्हणाल्या, "साठ वर्सं मी तिला कपाळ लावलं. लोकं तापलेली पोरं घेऊन आली, त्यांच्या डोक्यावर ठेवली. सगळ्यांना मी पीठ-मीठ दिलं?" आणि मग एकदम, "आनी ह्ये इतके दिवस तू मला काय वाचत व्हतीस?"

"त्येच."

"ठाऊक असून?"

"हां."

"तुला लाज नाय वाटली गं?"

"वाटली," तस्लीम रडायला लागली. "म्हनून तर सांगतेय."

 

तस्लीमनं ओढणीनं तोंड पुसलं. "फुफी, अजून येक हाय. ते ऐक, मंग मला मार पायजे तर. पयली पानं दुसऱ्या कुनी लिवलीत. अक्षर बारीक, सरळ. अर्ध्या वहीपासून अक्षर बदलतं. मोठं, वाकडं, येकेक शब्द तीन-तीनदा गिरवलेला. शिकनाऱ्याचं अक्षर हाय."

"कुनाचं?"

"दादाजींचं."

"नाय," हमिदाबाई लगेच म्हणाल्या. "अब्बांना लिवता येत नव्हतं. कंपनीच्या कागदावर अंगठा असायचा. अम्मी सांगायची."

"येत नव्हतं. तितं शिकले. शेवटच्या पानावर रांधायचं कायच नाय. घरी कोन कोन हाय, असं पयली पानं लिवनाऱ्या दोस्तानं इचारलं असनार. वाचू?"

हमिदाबाईंनी मान हलवली नाही, नाही पण म्हणाल्या नाहीत. तस्लीम उठली, हात धुतले, वही आणली. शेवटचं पान उघडून आधी चिनीत वाचलं, मग मराठीत.

"माझी मुलगी. नाव हमिदा. चार वर्षांची. घरी गेलो की तिला हे करून घालीन."

तस्लीमनं त्या ओळींवरून बोट फिरवलं.

"तीन येळा लिवलंय, फुफी. तुजं नाव तीन येळा."

हमिदाबाईंनी सूप बाजूला सारलं. "दाव."

तस्लीमनं त्यांचं बोट धरून पानावर टेकवलं.

"हितं?"

"हितं. आनी हितं. आनी ह्ये तिसरं."

रोट्या थापून थापून सपाट झालेलं ते बोट तिसऱ्या नावावर तसंच राहिलं. काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं, त्यांनी ते पुसलं नाही. मीही माझं पुसलं नाही.  मग त्या उठल्या, मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि स्वयंपाकघरातून हाक मारली.

"तस्लीम, पीठ किती म्हनालीस?"

त्या दिवशी लोधिवलीत नूडल्स झाल्या. पहिल्या दोन खेपेला पीठ तुटलं. हमिदाबाई म्हणाल्या, "गव्हाचं हाय, तांदळासारकं थापू नका त्याला," जणू आम्हीच मळत होतो. तिसऱ्या खेपेला ओढलं गेलं. सुंभाएवढ्या जाड झाल्या, पण झाल्या. पेटीतून आलेला तालिबचा तो मोठा डाव त्यांनी साठ वर्षांत पहिल्यांदा पातेल्यात घातला. आम्ही तिघी खाली बसून जेवलो आणि मी दोनदा वाढून घेतलं.

जेवताना त्यांनी निकाल दिला. "फोटू काड. दिल्लीला फोटू जाईल, वही नाय जानार. ज्याला बगायची त्यानं हितं यायचं. आनी हात धुवून बगायची. कलाम नसंल. बाप हाय माजा."

लोकांना काय सांगायचं, याची काळजी मला होती. त्यांना नव्हती. दुसऱ्या दिवशी ठाकरवाडीतली ठमी तापलेलं पोर घेऊन आली, तेव्हा हमिदाबाईंनी खरं ते सांगून टाकलं. ह्यात रांधायचं हाय बये, दवाखान्यात जा. ठमीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मंग ठेवा की डोक्यावर. पोर उपाशी तर नाय ना ऱ्हानार." वही डोक्यावर ठेवली गेली, आणि मग हमिदाबाईंनी स्वतः दोघांना रिक्षात बसवून चौकच्या डॉक्टरकडे धाडलं.

तस्लीमनं आराखडा एकोणीस तारखेला रात्रभर नव्हे, दिवसाउजेडी माझ्या वाचनालयातल्या टेबलावर बसून पुरा केला आणि वीस तारखेला पाठवला. मुलाखतीला त्या प्राध्यापक बाईंनी एकच प्रश्न विचारला म्हणे: मूळ वही कुठे आहे, आणि बघता येईल का? तस्लीमनं हमिदाबाईंची अट जशीच्या तशी सांगितली. समोर बसलेले एक सर हसले. बाई हसल्या नाहीत. प्रवेश मिळाला, आणि महिनाअखेर कारखान्याला तिनं नाही म्हणून कळवलं.

हिवाळ्यात त्या बाई स्वतः आल्या. एवढी मोठी विदुषी, पण मोरीवर उभी राहून हमिदाबाईंच्या देखरेखीखाली कोपरापर्यंत हात धुतले. "आनी बोटांच्या मदी," हमिदाबाई म्हणाल्या, तर तेही धुतलं. मग चार तास एका पाटावर बसून वही पाहिली आणि जाताना नूडल्स खाऊन गेल्या. नूडल्स आता बारीक येतात.

त्यानंतरच्या गुरुवारी मी आणि तस्लीम कार्ड भरायला बसलो, लोधिवलीतच, पडवीत. मी लिहिलं: लेखक, तालिब, जहाजावरचे भंडारी, आणि हाँगकाँगचा एक मित्र, नाव अज्ञात. विषय, रांधणं. जागा, लोधिवली, हमिदाबाईंच्या घरचा कोनाडा. अट, हात धुवून. तस्लीम म्हणाली, तिन्ही लिप्यांत हवं, आणि तिनं शेजारी अरबी अक्षरांत आणि चिनीत तेच लिहिलं. कार्ड अगदी भरून गेलं.

हमिदाबाईंनी हात पुढे केला. "बगू."

काळा चष्मा गेला होता. त्यांनी कार्ड नव्या डोळ्यासमोर धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. मराठी ओळींवरून नजर तशीच गेली, चिनीवरूनही. मग अरबी अक्षरांच्या तिसऱ्या ओळीत एका शब्दाशी थांबली आणि त्यांनी त्यावर, वहीतल्या नावावर ठेवलं होतं तेच बोट ठेवलं.

"ही मी," त्या म्हणाल्या.

मी तस्लीमकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात वर केले. "मी नाही शिकवलं, बाई."